आसगावच्या तलावात मामीचं नाव

मामांचा फोन आला की ते माझी चौकशी करत नाहीत, माझ्या गाडीची करतात. "वैशाली, गाडी बरी आहे ना? सर्व्हिसिंग झालं?" असं त्यांनी दिवाळीनंतरच्या आठवड्यात विचारलं, तेव्हाच मी ओळखलं की माझा शनिवार-रविवार गेला.

वसंतमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. नागपुरातल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर सगळी शिस्त आमच्यावर आणली. लग्नाच्या जेवणातसुद्धा ते पानावरच्या कोथिंबिरीचं कूळ सांगतात.

"आसगावला जायचंय," ते म्हणाले. "तुझ्या मामीला तिचं झाड दाखवायचंय."

आता हे 'तिचं झाड' म्हणजे काय ते सांगायला हवं. अंबुली नावाची एक पाणवनस्पती असते. तळ्यात उगवते, भाताच्या बांधीत उगवते, पानं चुरगाळली की कापरासारखा वास येतो. कितीतरी वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातल्या आसगावच्या तलावात मामांना एक अंबुली सापडली. ओळखीच्या अंबुलीला पाण्याखाली केसांसारखी चिरलेली पानं असतात. हिला ती नव्हतीच, नुसती साधी, अखंड पानं. पुढे दोनदा जाऊन पाहिलं, तेव्हा पाणी उतरलं होतं आणि चिखलात उभी असलेली रोपं तशीच अखंड पानांची. मामांनी ही नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिच्या लॅटिन नावातला दुसरा शब्द ठेवला मामीच्या नावावरून. मालती.

तेव्हापासून मामीने भिशीत, हळदीकुंकवात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे माणूस भेटेल तिथे सांगितलं आहे की तिच्या नावाचं फूल जगात फक्त एका गावात उगवतं. शेजारच्या बाईला सुनेने हिऱ्याची अंगठी घेतली, तेव्हा मामी म्हणाली होती, "अंगठी काय, दुकानात मिळते." मात्र ते फूल मामीने स्वतः कधीच पाहिलं नव्हतं.

मी होकार दिल्यावर मामांनी आवाज खाली आणला. एका तरुण संशोधिकेचं पत्र आलं होतं. अगदी नम्र, दोनच ओळींचं. 'सर, आपल्या मूळ नमुन्याच्या देठाला खालून सरळ काप दिसतो. खालचा भाग कुठे आहे?'

"इतक्या वर्षांत कोणाची हिंमत झाली नाही!" मामा म्हणाले. "तिचं म्हणणं, ही नेहमीचीच अंबुली आहे. पाण्यातलं अख्खं रोप आणून दाखवतो तिला. पण मामीला यातलं काही बोलायचं नाही. आपण फोटो काढायला चाललोय."

म्हणजे पणाला लागलं होतं मामीचं नाव, आणि ते फक्त मामीला माहीत नव्हतं. अशा सहलीला ड्रायव्हर म्हणून जाण्याचा मान मला मिळाला.

शनिवार: नागपूर ते पवनी, लांबच्या वाटेने

वाचकांनो, तुम्ही नागपूरहून पवनीकडे जात असाल तर उमरेड-भिवापूरवरून जा. तोच जवळचा रस्ता. आम्ही भंडाऱ्यावरून गेलो, कारण मामांच्या मते पहिल्यांदा ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जाणं शास्त्रीय होतं, आणि मामीच्या मते तिच्या माहेरावरून जाताना पितळेचं दुकान टाळणं अशास्त्रीय होतं. दोघांचं एकमत व्हायचा प्रसंग वर्षातून एखादाच येतो. मी वाद घातला नाही.

मामी जांभळी साडी नेसून आली होती. "फूल जांभळं आहे ना? फोटोत मॅच झालं पाहिजे." मागच्या सीटवर मामांचं सामान होतं: लाकडी जाळीच्या दोन फळ्या, त्यांना आवळायचे पट्टे, आणि झाडं वाळवायला रद्दी पेपरांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यावर मामीने चकल्यांचा डबा ठेवला, मामांनी तो उचलून खाली ठेवला, मामीने परत वर ठेवला. भंडाऱ्यापर्यंत हे चाललं.

हायवे उत्तम आहे, तासा-सव्वातासात भंडारा येतं. सकाळी लवकर पोचलात तर गावात शिरताना तर्रीपोहे खा. चणे भरपूर, तर्री इतकी तिखट की मामा दोन मिनिटं कुठल्याही वनस्पतीबद्दल बोलले नाहीत.

मग पितळेचं दुकान. मामीला गुंड हवा होता, म्हणजे आपल्याकडे पाणी भरून ठेवायचं ते पितळी भांडं. घरात तीन आहेत. दुकानाचे म्हातारे मालक चष्मा वर करून तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी सिंधूबाई न जी? गुरुजीच्या घरच्या?"

मामी एकदम खुलली. "हो जी! ओळखलं तुम्ही? मले वाटलं आता कोणी ओळखत नाही."

"काहून नाही ओळखणार? चेहरा त तोच हाय."

तर हेही सांगते. मामीचं माहेरचं नाव सिंधू. लग्नात मामांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'मालती' लिहिलं आणि ती मालती झाली. कारण सासरी सिंधू आधीच होती, माझी आई. एका घरात दोन सिंधू कशा चालणार, असं तेव्हाच्या मोठ्यांचं म्हणणं. आई तोवर लग्न करून स्वतःच्या सासरी गेलीसुद्धा होती, पण ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

गुंड घेतला. त्याची जागा अर्थातच रद्दीच्या गठ्ठ्यावर.

भंडारा ते पवनी रस्ता बरा आहे, मध्ये मध्ये खड्डे, पण दोन्हीकडे धानाची कापणी चालू होती आणि उन्हात पेंढ्यांचा वास येत होता. इथे मामीने मला ती गोष्ट सांगितली, जी मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले आहे.

"आमची पहिली दिवाळी. भंडाऱ्याले. माझ्या आईनं जावयासाठी पाटाभोवती रांगोळी काढली, ताट तयार, शेजारच्या बाया जमल्या. आणि जावई कुठी? तर आसगावच्या तलावात!"

"एक वाजेपर्यंत परत येणार होतो," मामा पुढच्या सीटवरून पुटपुटले.

"रात्री नऊ वाजता आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची, बगलेत पेपराचा गठ्ठा. माझा बाप म्हणे, जावई शिकलेला आहे की मासे पकडते?"

"एसटी पंक्चर झाली होती, मालती."

"दरवर्षी पंक्चरच होते."

त्या गठ्ठ्यातच ती अंबुली होती. पुढे तिला मामीचं नाव मिळालं ते त्या दिवाळीची भरपाई म्हणून, असं मामी मानते. मामा मानत नाहीत, पण नाकारतही नाहीत.

पवनीत मुक्काम केला. लॉज साधा, गरम पाणी बादलीने, पण चादरी स्वच्छ. संध्याकाळी जुना दरवाजा आणि देवळं बघून या. गावात देवळं इतकी आहेत की मामीने शेवटी एका चौकात उभं राहून चारी दिशांना मिळून एकच नमस्कार केला. जेवायला वांग्याची भाजी, भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे मिळाले. तिथे मी चार वडे खाल्ले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

मामा मात्र जेवले नाहीत नीट. मामी हात धुवायला गेल्यावर मला म्हणाले, "नवं रोप जर तसं निघालं नाही, तर?"

"तर काय? शास्त्र आहे ना?"

"शास्त्र आहे गं. पण तिला मी आयुष्यात दुसरं काही दिलं नाही." मग मामी येताना दिसली आणि ते लाखोळीच्या कुळाबद्दल बोलायला लागले.

रविवार: तलाव

आसगावला सकाळी आठला पोचलो. सूचना: तलावावर जायचं तर चपला गाडीत ठेवा, चिखल त्या तुम्हाला परत देणार नाही. यंदा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळल्यामुळे तलाव काठोकाठ होता. अर्ध्या पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती, आणि ताराबाई नावाच्या एक बाई डोंग्यातून शिंगाडे तोडत होत्या. डोंगा म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली अरुंद होडी. ताराबाई पन्नाशीच्या, पदर कमरेला घट्ट, आणि त्यांना एकदम तिघंजण काठावर उभं राहून पाण्याकडे बोटं दाखवताना बघून काही आश्चर्य वाटलं नाही.

"काय पायजे जी? शिंगाडे?"

मामांनी अंबुलीचं वर्णन केलं. खोड, पान, फूल, कूळ. पाच मिनिटं. ताराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वासाचं गवत म्हणा न. शिंगाड्यात घुसते मेलं. ते पाहा न, तिकडं भरून हाय."

"मामी, तुझं झाड," मी म्हटलं.

मामीने कपाळावर हात धरून पाहिलं. पाण्याच्या वर फूटभर आलेले हिरवे शेंडे, आणि पानांच्या बगलेत जांभळट फुलं, एकेक करंगळीच्या नखाएवढं. मामी बराच वेळ शोधत राहिली. मग तिला कळलं की ती आधीपासून त्याच्याकडेच बघत होती.

"हेच?"

"हेच," मामा म्हणाले.

"मी कमळासारखं काही समजत होती. भिशीत मी तसंच सांगतलं आहे." तिने साडीच्या पदराकडे पाहिलं. "बरं. रंग तरी जुळला."

प्रश्न आला की आणायचं कोणी. डोंग्यात ताराबाईंशिवाय एकच माणूस मावत होता. मामांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, आणि मला पोहता येत नाही हे मी वेळेवर जाहीर केलं. "माझं झाड आहे, मीच जाते," मामी म्हणाली आणि जांभळी साडी खोचून डोंग्यात बसली. डोंगा डाव्या बाजूला कलला, मग उजव्या. ताराबाई ओरडल्या, "मधात बसा बाई, मधात! हलू नका!" मामी म्हणाली, "मी कुठी हलून राहिली? तुमचं लाकूड हलून राहिलं!" मी भरपूर फोटो काढले. ते इथे टाकायची परवानगी नाही.

मामा काठावरून सूचना देत होते. मामीकडे त्यांनी छोटी कात्री दिली होती. "फुलं असलेला शेंडा धर! फूटभर माप घे! तिथे काप!"

इथे थोडं त्यांच्या कामाबद्दल. झाडाचा नमुना वाळवून ज्या कागदावर चिकटवतात तो जेमतेम दीड फूट लांब असतो. झाड मोठं असेल तर ते घडी घालून, नागमोडी वळवून बसवायचं, कापायचं नाही, हा पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवलेला नियम. मामांनी तो हजारो पोरांना शिकवला. आणि इतक्या वर्षांनी, घाईत, त्यांच्या तोंडून परत निघालं ते 'काप'. माझ्या डोक्यात ती संशोधिकेची ओळ चमकली. सरळ काप. मामांच्याही डोक्यात चमकली असावी, कारण ते एकदम थांबले.

तिकडे मामीने कात्री ताराबाईंच्या टोपलीत टाकली होती. "कापायचं काहून? बाजारातून मेथी घेतो तर मुळासकट घेतो. अर्धी मेथी कोण आणते?"

तिने शेंडा धरला आणि ओढायला सुरुवात केली. रोप यायला लागलं आणि येतच राहिलं. पाण्याच्या वरची अखंड पानं आली, मग थोडी दातेरी पानं आली, मग चिरलेली, आणि मग हातभर लांब नुसती केसांसारखी मऊ, झुपकेदार पानं, पाणी गाळत. शेवटी चिखलाची मुळं. मामीने हात उंच केला तरी खालचं टोक डोंग्यात होतं.

"हे पाहा!" ती आनंदाने ओरडली. "केवढं मोठं आहे माझं झाड!"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन रोपं गुंतली असतील."

"मामी, अजून एक काढ गं," मी म्हटलं.

मामीने अजून चार काढली. पाचही तशीच. वर मामांची नवी जात, खाली सगळ्या जगाला ठाऊक असलेली जुनी. मामा काठावरच्या दगडावर बसले.

ताराबाईंना आमची तोंडं बघून काहीतरी घोटाळा आहे एवढं कळलं. डोंगा काठाला लावत त्या म्हणाल्या, "पाण्यात रायलं की झिपरं, वर आलं की पान. पाणी उतरलं का खालचं सडून जाते, वरचंच दिसते. हे त लेकरालेही मालूम हाय जी. तुमी काय समजले होते?"

कोणी काही समजलं नव्हतं, हेच तर झालं होतं.

ताराबाईंनी उकडलेले शिंगाडे दिले. पैसे घेईनात, म्हणून मामीने चकल्यांचा डबा रिकामा करून त्यांच्या टोपलीत ओतला. आम्ही बांधावर बसलो. आणि मामांनी सांगून टाकलं. पत्र, काप, सगळं. बोलताना शिंगाडा सोलत होते, तो सोलूनही परत सोलत होते.

"त्या दिवशी हे असंच लांब रोप आलं होतं हातात. सहाची शेवटची एसटी होती. घडी घालून नीट बसवायला अर्धा तास गेला असता. तू ताट घेऊन वाट बघत होतीस. म्हणून मी वरचा फूटभर कापला आणि पळालो. खालचं काय होतं ते आठवलंच नाही मला नंतर. किंवा आठवायचं नसेल."

"म्हणजे माझ्यासाठी कापलं."

"हो."

"आणि गाडी पंक्चर झाली."

"हो."

"म्हणजे अख्खं आणलं असतं आणि पंक्चर निघेपर्यंत रस्त्याच्या बाजूले बसून नीट घडी घातली असती, तरी नऊच वाजले असते."

मामांनी मान हलवली. मामी आधी हसली की मी, ते आठवत नाही. ताराबाईसुद्धा हसल्या, का ते न कळता. मामांना हसू येत नव्हतं. ते म्हणाले, "तुझं नाव जाणार, मालती. एकाच झाडाला दोन नावं पडली की जे आधी ठेवलेलं तेच खरं धरतात. असा नियम आहे. नंतरचं नाव खाली जातं."

मामी हसता हसता थांबली.

"कोणतं खरं?"

"आधीचं."

"तुमच्या शास्त्रात पहिलं नाव खरं?"

"हो."

"मग मले सिंधूची मालती कायले केलं?"

मामा चाचरत म्हणाले, "घरात एक सिंधू होती ना. तोही नियमच आहे, एक नाव दोघांना देता येत नाही..."

"ते त लग्न होऊन गेली होती! आणि मले विचारलं होतं का कोणी? तांदळात लिहिलं आणि झालं. वर्षभर मले मालती म्हणून हाक मारली तर मी मागे पाहत नव्हती. तुमची आई म्हणे, बहिरी सून आणली." मामीने त्या लांबलचक रोपावरून हात फिरवला, खालच्या झिपऱ्या पानांवरून वरच्या पानांपर्यंत. "याले तरी कोणी विचारलं का? वर नाव वेगळं, खाली वेगळं. आणि हे आपलं एकच."

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, लपवत नाही. मामी कधी असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तिला तीस वर्षं ओळखते.

मग तिने नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लिहून टाका त्या पोरीले. आणि खालचा भाग मी काढला हेही लिहा. तुम्ही त काप म्हणत होते."

परत

पाचही रोपं गुंडात पाणी भरून, गोल गुंडाळून आणली. मामा गुंड मांडीवर घेऊन बसले. परतीला भिवापूरचा रस्ता धरला, आता शास्त्रीय कारण उरलं नव्हतं. भिवापूरला मिरची जरूर घ्या, पण बंद गाडीत ठेवू नका. उमरेडपर्यंत आम्ही तिघंही शिंकत होतो, आणि गुंडातलं पाणी प्रत्येक शिंकेला मामांच्या पँटवर पडत होतं. घरी पोचलो तेव्हा ती गुडघ्यापर्यंत ओली होती. "पाहा," मामी म्हणाली, "तसेच आले."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. मामांनी पत्र पाठवलं होतं आणि उत्तरही आलं होतं. त्या मुलीने आभार मानले होते आणि एक गोष्ट कळवली होती, जी मामांना पाठ होती पण दुःखाच्या भरात कोणाला सांगायची राहिली होती: खाली गेलेलं नाव पुसत नाहीत. खऱ्या नावाच्या खाली ते कायमचं लिहिलेलं राहतं. मामीने भिशीत सांगायची गोष्ट तेवढी बदलली आहे. आता ती सांगते की तिने नवऱ्याची चूक पकडली. हे जास्त चालतं.

काय उरलं म्हणाल तर, लाखोळीचे वडे उरले, जे मी घरी दोनदा करून बघितले आणि दोनदा बिघडवले. आणि जेवणाच्या टेबलावरचा तो कागद उरला. मामांनी रोप नागमोडी घडी घालून, पहिल्या फुलापासून शेवटच्या मुळापर्यंत अखंड चिकटवलं होतं. कोपऱ्यात चिठ्ठी लावायची असते: झाडाचं नाव, ठिकाण, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. झाडाच्या नावापुढे जुनं, खरं नाव होतं. ठिकाणापुढे आसगाव. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे मामांनी काळ्या शाईने, सावकाश लिहिलं होतं: सिंधू.

मामीने चष्मा लावला. चिठ्ठी वाचली, परत वाचली. मामा तिच्या मागे उभे राहून शाईच्या बाटलीचं झाकण लावण्यात उगाच वेळ घालवत होते.

"चहा ठेवू का गं, सिंधू?" ते झाकणाकडे बघत म्हणाले.

आणि मामीने लगेच मागे पाहिलं.